तुळसकर सरांची मंदी

मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे, तिथल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात पुष्कळ प्रकरणं होती आणि तुळसकर सर त्यांतलं एकच शिकवायचे. जागतिक महामंदी. ती जूनमध्ये सुरू व्हायची आणि दिवाळीपर्यंत रेंगाळायची. अमेरिकेतली मंदी कधीतरी आटोपली. सरांच्या वर्गातली मंदी मात्र मी नोकरीला लागले तेव्हा चालू होती आणि सर निवृत्त झाले तेव्हाही उठलेली नव्हती. पंचवार्षिक योजना, लोकसंख्या, सहकार हे सगळं ते शेवटच्या आठवड्यात 'घरी वाचा' म्हणून उरकत. मुलं घरी वाचत नसत. पाच रस्ता नाक्याच्या आसपासचे खासगी क्लासवाले उरलेली प्रकरणं शिकवायचे आणि त्यांचं बरं चाललं होतं. कोणी सरांकडे तक्रार केली तर ते म्हणत, की मी मागणी निर्माण करतो आणि ते पुरवठा करतात, यात बिघडलं कुठं?

मुलं त्यांना मागं 'मंदी' म्हणत. 'मंदी आली रे' अशी वर्दी जिन्यावरून यायची आणि वर्ग गप्प व्हायचा. सरांना हे ठाऊक होतं. त्यांना ते आवडतही असावं.

उंच, किडकिडीत माणूस. अंगात बुशशर्ट, हातात बारा महिने छत्री. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, पण मालवणी फक्त रागात किंवा फार खुशीत बाहेर यायची. एरवी बोलणं अगदी शुद्ध, सावकाश आणि आदराचं. त्या आदराला आम्ही सगळे टरकून असायचो. सरांनी एखाद्याला 'आपला अभ्यास दांडगा आहे' म्हटलं की त्या माणसाचं आता काय होणार ते बाकीच्यांना कळायचं. त्या माणसाला सहसा सर्वांत शेवटी कळायचं.

वर्गात ते फळ्यावर फारसं लिहीत नसत. पोरांनाच उभं करत. एकाला गिरणीमालक, एकाला कामगार, एकाला न्हावी, एकीला कोळीण, एकाला साड्यांचा दुकानदार करायचं आणि गोल करून उभं राहायला सांगायचं. मालकाने कामगाराला काढलं. कामगाराने न्हाव्याकडे जाणं सोडलं. न्हाव्याने बांगडे घेणं सोडलं. कोळणीने साडी पुढच्या वर्षावर ढकलली. साडी खपेना म्हणून दुकानदाराने गिरणीतून माल उचलला नाही, आणि माल पडून राहिला म्हणून मालकाने उरलेले कामगारही काढले. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणाने वागला आणि सगळे मिळून बुडाले. मग मागच्या बाकावरच्या एखाद्या पेंगुळलेल्या पोराला सर हळूच उठवत आणि विचारत, "आपण सरकार आहात. आपण काय करणार?"

पोरगा गांगरून म्हणायचा, काही नाही सर.

"बरोबर. त्यांनीही सुरुवातीला तेच केलं. बसा."

पुढची गोष्ट ते मोठ्या चवीने सांगत. अमेरिकेच्या सरकारने आधी सगळं ठीक आहे असं सांगितलं. मग लवकरच ठीक होईल असं सांगितलं. शेवटी हे सांगणाऱ्यालाच लोकांनी घरी पाठवलं. नव्या अध्यक्षाने आल्याआल्या बँकांना सुट्टी दिली. धरणं बांधायला काढली, रस्ते काढले, रिकामी पोरं झाडं लावायला जंगलात धाडली, बेकार चित्रकारांकडून पोस्टाच्या भिंती रंगवून घेतल्या. सरांचा या अध्यक्षावर जीव होता, पण ते त्याचे भक्त नव्हते. भाव चढावेत म्हणून त्याच सरकारने उभा कापूस नांगरायला लावला आणि डुकराची पिल्लं मारायला लावली, तीसुद्धा माणसं पावाच्या रांगेत उभी असताना, हे सांगताना त्यांचे डोळे चमकत. ते इतकं रंगवून सांगत, की परीक्षेत पोरांना एवढंच आठवायचं की अमेरिकेत कुणीतरी डुकरं मारली आणि मंदी गेली.

आणि वर्षातून एकदा खड्ड्यांचा विनोद. सरकारला दुसरं काही सुचत नसेल तर त्याने निम्म्या बेकारांना खड्डे खणायला लावावं, निम्म्यांना ते बुजवायला लावावं आणि पगार दोघांनाही द्यावा. पगार हातात आला की दाढी होते, दाढी झाली की बांगडे खपतात आणि चाक फिरू लागतं. मूळ कल्पना कुणा इंग्रज पंडिताची, असं ते सांगत. वर्ग हसायचा. सर त्या हसण्यासाठी खडू हातात धरून थांबायचे.

देशाची आर्थिक स्थिती ते वर्तमानपत्रात वाचत नसत. रविवारी सकाळी ते बाजारात हिराबाई कोळणीच्या टोपलीपाशी जात. बारा वाजले तरी बांगडा शिल्लक असेल तर देशाचं काही खरं नाही. पापलेट लवकर संपलं तर कुठल्यातरी खात्यात महागाई भत्ता निघाला. हिराबाईला या जबाबदारीची कल्पना नव्हती. ती त्यांना 'मास्तर, घ्यायचं तं घ्या, नायतर बाजूला व्हा' असं सांगायची, आणि ते निमूट बाजूला होत. दुसऱ्या कोणासाठी ते असे बाजूला झालेले मी पाहिले नाहीत.

एकदा स्टाफरूममध्ये नव्याने लागलेल्या कॉमर्सच्या एका मास्तरांनी सहज सांगितलं, की आपला देश शेतीचा असल्यामुळे आपल्याला त्या मंदीची झळ तशी कमीच लागली. सर उठून त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, आपला अभ्यास दांडगा आहे, हे माझ्या आईला कळायला हवं होतं.

मग त्यांनी सांगितलं. वडील परळच्या एका गिरणीत विणकर होते. आधी पगार कापला, मग पाळी बंद झाली, मग गिरणीच बंद झाली. कुटुंब बोटीने वेंगुर्ल्याला परतलं. सर तेव्हा कडेवर होते. गावात नारळाला भाव नाही, भाताला भाव नाही. शेतसारा मात्र होता तेवढाच, कारण मंदी आल्याचं सरकारी साऱ्याला कोणी कळवलं नव्हतं. आईने पाटल्या मोडल्या. त्या वर्षांत घराघरातून असंच सोनं निघालं, सोनाराकडून पेढीवर गेलं आणि पेढीवरून बोटीत बसलं. विलायतेला बरं वाटलं. "आमच्या घराण्यातून विलायतेला गेल्या त्या तेवढ्याच," सर म्हणाले. इथल्या सरकारने काय केलं, असं कोणीतरी विचारलं. सरकारने आपल्याच कारकुनांचे पगार कापले आणि आणखी खर्च कुठं वाचेल ते पाहायला समिती नेमली. "समितीवर खर्च झाला. तेवढीच काय ती मागणी वाढली."

हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. कॉमर्सचे मास्तर मात्र त्यानंतर बरेच दिवस चहा प्यायला बाहेर जात.

ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं ती. गिरण्यांचा संप सुरू होऊन बराच काळ लोटला होता. तो संपला असं कोणी जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे तो चालू आहे असंच धरून सगळे घरी बसले होते. भांडुपच्या टेकडीवर चाळीच्या चाळी अशा माणसांनी भरल्या होत्या, भर दुपारी पुरुषांनी. आमच्या बाजूला हमरस्त्यावरच्या कारखान्यांनाही एकामागून एक टाळं लागत होतं. शासनाला हे दिसलं आणि शासनाने स्वयंरोजगाराची शिबिरं भरवली. त्यांतलं एक आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. विषय मेणबत्ती.

सफारी घातलेले एक अधिकारी आले होते. समोर भांडुपचे पन्नाशीकडे झुकलेले कामगार, पहिल्या रांगेत आमच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि अर्थशास्त्राचे म्हणून व्यासपीठावर तुळसकर सर. मेण वितळवून दाखवलं, साच्यात ओतून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सर उठले आणि म्हणाले, की साहेबांचं मार्गदर्शन फार मोलाचं आहे, फक्त माझ्यासारख्या अडाण्याला एक शंका आहे. या सगळ्या मेणबत्त्या विकत कोण घेणार?

साहेब म्हणाले, लोकांना लागतात. दिवे जातात तेव्हा लागतात.

"म्हणजे वीज खात्याने दिवे घालवत राहायचं आणि आपल्या खात्याने मेणबत्त्या करवून घ्यायच्या," सर म्हणाले. "दोन खात्यांचा इतका चांगला मेळ मी अमेरिकेतलाही ऐकला नव्हता."

हॉल असा हसला की साच्यातली मेणबत्ती काढायची राहून गेली. सगळ्यांत मोठ्याने हसत होता गोविंद परब. लालबागच्या गिरणीतला विणकर, मोठी मिशी आणि मिशीहून मोठा आवाज. त्याच्या मागावरच्या धोतरांनी अर्ध्या मंत्रिमंडळाची लाज राखली आहे, असं तो येईल त्याला सांगायचा. संस्थेचे अध्यक्ष मात्र हसत नव्हते. त्या वर्षी उपप्राचार्यपद ज्येष्ठतेने सरांकडे यायचं होतं. ते संस्कृतच्या सरांकडे गेलं, ज्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला प्रश्न विचारला नव्हता. तुळसकर सरांनी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. ते इतकं मनापासून होतं, की संस्कृतचे सर दोन रात्री झोपले नाहीत म्हणे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. शिबिर आटोपून आम्ही दोघं गेटातून बाहेर पडत होतो. मी सरांच्याच सोसायटीत राहायचे, त्यामुळे येणं-जाणं बरोबर असायचं. गेटाबाहेर परब उभा होता.

"सर, तुमी त्येंची बरी जिरवलात," तो म्हणाला. "आता माका काम द्या."

 सरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. बघतो, म्हणाले.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला. सर तिचे अध्यक्ष होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. सचिव होते देवधर, बँकेतले. खरी सत्ता त्यांची. हमरस्त्यावरचा पहिला कारखाना बंद पडल्यापासून देवधरांना काटकसरीने पछाडलं होतं. आमच्यापैकी कोणीच त्या कारखान्यात नव्हतं. पण दिवस वाईट आहेत म्हटल्यावर त्यांनी जिन्यातले दिवे बंद केले, पंपाची वेळ निम्म्यावर आणली आणि माळ्याला काढून टाकलं. सर म्हणायचे, देवधरांच्या रूपाने एकोणतीस सालचं अमेरिकेचं सरकार आपल्या दुसऱ्या मजल्यावर राहतंय.

नाल्याकडची कुंपणाची भिंत आदल्या पावसाळ्यात कोसळली होती. भरती आणि पाऊस एकदम आला की काळं पाणी तळमजल्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं. देवधरांच्या मते भिंत पुढं कधीतरी, दिवस सुधारल्यावर बांधावी. सरांनी सर्वसाधारण सभा बोलावली आणि सांगितलं, की भिंत आत्ताच बांधायची, सगळ्यांनी वर्गणी वाढवून द्यायची आणि कामाला कंत्राटदार न लावता भांडुपचे बसलेले कामगार लावायचे. दिवस वाईट असतात तेव्हाच खर्च करायचा असतो. मग त्यांनी न्हावी, बांगडा आणि साडी सगळं समजावून सांगितलं. सभासदांनी ते शांतपणे ऐकलं, कारण निम्म्यांची मुलं त्यांच्याकडेच शिकली होती.

देवधर म्हणाले, "सर, ही अमेरिका नाही, मुलुंड ईस्ट आहे."

"म्हणून तर धरण सांगत नाही. भिंत सांगतोय."

वरच्या मजल्यांनी विरोध केला. वरच्या मजल्यांवर पाणी चढत नव्हतं. तळमजला मात्र एकगठ्ठा सरांच्या बाजूने उभा राहिला, पहिल्या मजल्यावरच्या दोघांनी डासांचा विचार करून हात वर केले आणि ठराव कसाबसा मंजूर झाला. घरी जाताना सर मला म्हणाले, की लोकशाही टिकवायची असेल तर अधूनमधून लोकांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायला हवं.

परब आपल्या चारपाच सोबत्यांना घेऊन आला. मुकादम तोच, गवंडीही तोच. विटेचं काम कधी केलं होतंस का असं देवधरांनी विचारलं तेव्हा त्याने छाती पुढं काढून सांगितलं, की गावचं चिऱ्याचं घर त्याने एकट्याने उभं केलंय. त्या घरात कोण राहतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. काम सुरू झालं आणि सोसायटीला करमणूक मिळाली. ज्यांनी जन्मात थापी हातात धरली नव्हती ते गॅलरीतून सूचना करू लागले. परब खालून उत्तरं द्यायचा. 'काकानू, तुमी पेपर वाचा, मी भिंत बांधतंय' हे वाक्य महिनाभर आमच्या आवारात घुमत होतं.

एके दिवशी सकाळीच सरांनी माझी बेल वाजवली. मी कुकर लावत होते. "बाई, खाली चला," म्हणाले. काय झालं ते सांगेनात. मी घाबरून तशीच पदर खोचून खाली गेले. खाली काही झालं नव्हतं. परब विटा भिजवत होता.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

मला काही दिसेना.

"दाढी," सर कुजबुजले. "न्हाव्याकडची आहे. घरची नाही. कल्ले बघा."

खरंच होतं. मिशीच्या दोन्ही बाजूंना परबचे गाल तुळतुळीत होते आणि कल्ले सुतात कापलेले होते. रविवारी हिराबाईकडून कळलं, की काम आटोपून घरी जाताना परब तिच्याकडून बांगडे नेतो. सर त्या दिवशी बाजारातून येताना काहीतरी गुणगुणत होते. इतकी वर्षं जे पोरांना गोल उभं करून दाखवलं ते खरोखर, डोळ्यांसमोर, मुलुंडच्या नाल्याकाठी घडलं होतं. तो आनंद पाहून मला त्यांची थट्टा करवेना. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नसली की ते अगदी वेगळेच दिसायचे, थोडे लहान.

भिंत पुरी झाली. मजबूत झाली, पण सरळ झाली नाही. मध्यावर ती नाल्याकडे झुकायची आणि पुढं पुन्हा आवारात यायची. देवधरांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून दाखवली. परबचं म्हणणं पडलं, की पाण्याच्या बाजूक भिंत अशीच असता, लाट अडता. देवधरांनी भिंत वाकडी असल्याची रीतसर तक्रार केली आणि तिथंच सरांना ती कल्पना सुचली.

त्यांना त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली कल्पना सुचली होती. भिंत वाकडी आहे ना, मग ती पाडायची आणि पुन्हा बांधायची. परबला आणि त्याच्या सोबत्यांना आणखी दोन महिने काम. देवधर बिनशर्त तयार झाले, कारण त्यांना सरळ भिंत हवी होती आणि विटा बऱ्याचशा त्याच वापरता येणार होत्या. काटकसर आणि उधळपट्टी पहिल्यांदाच एकमताने हात वर करणार होती. संध्याकाळी सर हसत हसत परबला सांगायला गेले. मी भाजी घेऊन येत होते, तिथंच थांबले.

सरांनी त्याला सगळं सांगितलं. खुशीत होते, त्यामुळे मालवणीत. वर त्या इंग्रज पंडिताचा खड्ड्यांचा विनोदही सांगितला, निम्म्यांनी खणायचे, निम्म्यांनी बुजवायचे. नेहमीच्या जागी हसण्यासाठी थांबले.

परब हसला नाही.

"तो सायब कधी खड्ड्यात उतरललो काय?" त्याने विचारलं.

सर म्हणाले, अरे तसा नाय, पाडलंस तर पुन्ना बांधूचा काम गावतला. पगार दोनदा.

"मी बांधलंय ती मी पाडूचंय नाय," परब म्हणाला. "पगार दिलात तरी नाय." त्याने थापी धुतली, पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. सोबत्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही त्याच्या मागं गेले.

सर भडकले. इतके, की शुद्ध बोलण्याकडे परत यायला त्यांना दोन दिवस लागले. गाढव आहे, म्हणाले, चालून आलेलं काम सोडून गेला, घरी चूल थंड आणि याला भिंतीचा अभिमान. दुसरी माणसं आणून पाडून घेऊ म्हणाले. पण आणली नाहीत. देवधर रोज विचारायचे आणि सर रोज काहीतरी कारण सांगायचे.

त्याच सुमारास कॉलेजात खड्ड्यांच्या विनोदाचा दिवस आला. वरच्या वर्गातल्या मुलांकडून तो विनोद खालच्या वर्गांना आधीच कळलेला असायचा आणि पोरं त्याची वाट पाहत. माझा वर्ग शेजारचाच. त्या दिवशी हसण्याचा आवाज आला नाही. नंतर मुलांनी सांगितलं, की सर निम्म्या बेकारांपर्यंत आले, थांबले, आणि धरणांकडे वळले. कोणीतरी आठवण केली तेव्हा म्हणाले, की तो भाग आता अभ्यासक्रमात नाही. अभ्यासक्रमाशी त्यांचा संबंध एवढ्या वर्षांत तिथंच काय तो आला.

पुढच्या रविवारी ते हिराबाईकडे गेले नाहीत. मला म्हणाले, भांडुपला येता का, तुम्ही मराठीच्या, तुम्हांला बरं बोलता येतं. टेकडी चढताना त्यांना दम लागत होता, पण त्यांनी छत्री मला घेऊ दिली नाही. परबचं घर वरच्या अंगाला, एका खोलीचं. त्याच्या बायकोने आम्हांला पाहून लगबगीने दारापुढं चटई टाकली. परब आत खाटेवर बसला होता, तोंड भिंतीकडे. बाहेर आला नाही. सर चटईवर बसलेच नाहीत. उंबऱ्यावरच टेकले.

बरंच काही बोलायचं ठरवून आले असावेत. मला वाटलं, आता मलाच बोलावं लागणार. शेवटी ते म्हणाले, "परबानू, भिंत सरळ हा. मी नीट बघूक नव्हतंय."

आत खाट करकरली.

"वाकडी हा," परब म्हणाला. "माका दिसता. पण माझी हा."

मग तो बाहेर आला आणि त्याच्या बायकोने चहा ठेवला. परबने सांगितलं, की तो भिवंडीला चाललाय, पॉवरलूमवर. गिरणीपेक्षा पगार कमी, पाळी मोठी, खोलीत वारा नाही. पण माग आहे. सरांनी तोंड उघडलं. पॉवरलूमच्या मालकांबद्दल त्यांच्याजवळ बोलायला पुष्कळ होतं, स्टाफरूममध्ये मी ते ऐकलं होतं. त्यांनी उघडलेल्या तोंडाला कपबशी लावली. परब आपल्या नव्या मागाबद्दल बढाया मारू लागला. तो माग त्याने अजून पाहिलाही नव्हता, पण त्याच्यावरचं कापड कुठल्या कुठल्या मंत्र्यांकडे जाणार ते त्याला ठाऊक होतं. सर ऐकत राहिले.

 टेकडी उतरून रस्त्याला लागल्यावर सर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी पोरांना गोल उभं केलं. त्यातल्या कामगाराला बोलायला सांगायचं मला कधी सुचलं नाही." मग रिक्षा थांबवायला त्यांनी छत्री उंच केली.

भिंत तशीच राहिली. पुढच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी तिच्यापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तळमजल्याचं काम झालं होतं, त्यामुळे पुढच्या निवडणुकीत तळमजल्याने देवधरांना मत दिलं. देवधर अध्यक्ष झाले, जिन्यातले दिवे जे गेले ते बरीच वर्षं आले नाहीत. परब भिवंडीला गेला तो गेला. एकदा त्याचा निरोप आला, की तब्येत बरी नाही, पण माग बरा आहे. सर निवृत्त झाले. समारंभात संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना शाल दिली आणि त्यांच्या विनोदी स्वभावाचं कौतुक केलं. पत्नी आधीच गेलेली, त्यामुळे मुलुंडची जागा विकून ते चेंबूरला लेकीकडे राहायला गेले.

दशक सरत आलं होतं तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं. चेंबूरला एका लग्नाला गेले होते, तशीच त्यांच्याकडे डोकावले. फार वाळले होते. लेक म्हणाली, की घरात बसत नाहीत, रेशनच्या दुकानात जाऊन लोकांशी वाद घालतात. मला सोडायला बसस्टॉपपर्यंत आले. चालताना त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली. मी सांगितलं, की बी.कॉम. झाला, एका कारखान्याच्या ऑफिसात लागला होता, आता तो कारखानाही बंद झालाय, घरीच असतो. आणि मी वाट पाहत राहिले. अशा जागी ते काहीतरी बोलायचेच, इतकं बोचरं की हसूही यायचं आणि राग निवायचाही.

त्यांनी फक्त मुलाचं नाव पुन्हा विचारलं. मग विचारलं, दिवसभर काय करतो? मी म्हटलं, काही नाही, गॅलरीत उभा असतो. त्यांनी मान हलवली, आणि बस येईपर्यंत आम्ही दोघंही रस्त्याकडे पाहत राहिलो.

बस आली. मला खिडकी मिळाली. मी हात केला, पण सरांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या बसच्या रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थाशी ते बोलायला लागले होते. बॅगवाला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, ऑफिसातून सुटून आलेला असावा. सर किंचित वाकून त्याला काहीतरी सांगत होते आणि तो हसत होता. बस हलली. वळणावरून मी मागं पाहिलं तेव्हा सर अजून बोलत होते. तो माणूस हसायचा थांबला होता.